वर्षावासाचे पंचांग आणि तापलेला अरबी समुद्र

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने भिक्खूंनी एकाच ठिकाणी वास्तव्य करावे, चारिका करू नये, असा नियम तथागतांनी घालून दिला. त्याचे कारण विनयपिटकात नोंदलेले आहे. भर पावसात फिरणाऱ्या श्रमणांच्या पायांखाली कोवळी हिरवळ आणि बारीक जीव तुडवले जातात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे करून स्थिर राहतात, अशी लोकांची तक्रार होती. ती रास्त मानून वर्षावासाची प्रथा सुरू झाली. आज या काळात आपल्या घरोघरी आणि विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. परंतु या प्रथेच्या मुळाशी निसर्गाचे एक साधे निरीक्षण आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पाऊस ठरावीक दिवसांत येतो, ठरावीक दिवसांत जातो, आणि माणसाने आपला दिनक्रम त्यानुसार बेतावा, हे ते निरीक्षण होय.

आपल्या जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक व्यवसाय असाच पावसाच्या पंचांगावर उभा आहे. १ जून ते ३१ जुलै हा काळ मासेमारी बंदीचा, अशी पद्धत सातपाटीपासून डहाणूपर्यंतच्या बंदरांत वर्षानुवर्षे चालत आली. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. हळवे भात आश्विनात कापणीला येते. आपल्या शाळेचे वर्षही याच चौकटीत बसवलेले आहे. मे महिन्यात मोठी सुट्टी, दिवाळीत छोटी सुट्टी, आणि मधले पावसाळी महिने मुले वसतिगृहात.

या चौकटीला आता तडे जात आहेत, असे आम्ही विज्ञान शिकवणाऱ्यांनी केवळ भावनेच्या भरात म्हणणे योग्य नाही. म्हणून आधी एक शासकीय नोंद देतो. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईतील आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जून झाली. हा बदल नगण्य आहे. मात्र परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. जुन्या तारखा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवर आधारलेल्या होत्या, नव्या तारखा अलीकडच्या पाच-सहा दशकांच्या नोंदींवर आहेत. नऊ दिवसांचा फरक शहरातील माणसाला किरकोळ वाटेल. कापून शेतात आडवे टाकलेले हळवे भात त्याच नऊ दिवसांत भिजते, भाताला मोड येतात, पेंढा काळा पडतो. ज्यांच्या घरी भात पिकते त्या पालकांना यापुढे काही सांगण्याची गरज नाही.

तथापि एका तारखेवरून ‘हवामान बदलामुळेच सर्व घडते’ असा निष्कर्ष काढणे हा अभ्यासाचा मार्ग नव्हे. प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपल्याला हेच शिकवतो की कोणतीही घटना एका कारणातून उपजत नाही. अनेक प्रत्यय एकत्र आले म्हणजे ती घडते, आणि त्यांतील एखादा प्रत्यय काढून घेतला तर ती तशीच घडत नाही. प्रस्तुत लेखात पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील वादळे, अतिवृष्टी व भूकंप यांकडे या दृष्टीने पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे. कोणत्या आपत्तीत तापलेल्या हवामानाचा हात आहे, कोणत्या आपत्तीत तो नाही, आणि कोठे निसर्गापेक्षा आपलीच रचना अधिक जबाबदार आहे, हे वेगवेगळे करून पाहिले पाहिजे.

समुद्राची भट्टी

चक्रीवादळाचे इंधन म्हणजे समुद्राचे ऊबदार पाणी. पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सियसच्या वर असेल, तर पाण्याची वाफ वेगाने वर जाते. वर गेल्यावर ती थंड होऊन तिचे ढग बनतात. ढग बनताना वाफेतील उष्णता हवेत मोकळी होते, त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खाली दाब कमी होतो आणि चोहोबाजूंची हवा तेथे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही धाव सरळ न राहता चक्राकार होते. चुलीवरील भांड्यात उकळी फुटते तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे जाळ भांड्याखाली नसून पाण्यातच साठवलेला असतो.

अरबी समुद्र फार काळ तुलनेने शांत मानला जात असे. बंगालच्या उपसागरात चार वादळे होतात तेव्हा अरबी समुद्रात एक, असे सर्वसाधारण प्रमाण पाठ्यपुस्तकांत दिलेले असे. याची कारणे होती. आपल्या बाजूचे पाणी काहीसे थंड होते. अरबस्तानाकडून येणारी कोरडी हवा ढगांना वाढू देत नसे. ऐन पावसाळ्यात तर खालच्या थरातील वारे पश्चिमेकडून आणि वरच्या थरातील वारे पूर्वेकडून जोराने वाहतात, त्यामुळे उभे राहू पाहणारे वादळ मधूनच कापले जाते. म्हणूनच चक्रीवादळांचे दिवस दोनच उरतात. पहिले मान्सूनच्या आधीचे, म्हणजे मे आणि जूनचा आरंभ. दुसरे मान्सून गेल्यानंतरचे, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. वर दिलेली पंचांगे पुन्हा पाहावीत. वर्षावास, मासेमारी बंदी, शाळेचे सत्र ही सर्व माणसाला पावसाळ्यात सुरक्षित ठेवण्यासाठी आखलेली आहेत. चक्रीवादळे मात्र नेमकी या चौकटीच्या दोन्ही कडांना, चौकटीच्या बाहेर येतात. मे महिन्यात होड्या समुद्रात असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात शेतात असते, बोंबील बांबूंवर वाळत असतात, आणि वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे प्लास्टिकच्या कागदाखाली झोपलेली असतात. वादळे क्वचित येत होती तोवर ही उणीव खपून गेली. आता ती क्वचित येत नाहीत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते २०१९ या काळातील वादळे तपासली. या काळाच्या पूर्वार्धाशी तुलना करता उत्तरार्धात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. बंगालच्या उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रातील वादळांचा एकूण कालावधीही ८० टक्क्यांनी वाढला. मान्सूनपूर्व दिवसांत या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान चार दशकांपूर्वीपेक्षा सुमारे १.२ ते १.४ अंशांनी वाढले आहे, अशीही नोंद आहे. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे विद्यार्थी वर्गात विचारतात. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे समुद्र तापला की वादळाला बळ मिळते, शिवाय त्याच वादळातून पडणारा पाऊसही वाढतो.

पूर्वी वादळे होत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. आपल्या जिल्ह्यातील नदीचेच नाव धारण करणारी ‘वैतरणा’ ही आगबोट नोव्हेंबर १८८८ मध्ये सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. नोव्हेंबर १९४८ चे वादळ तर मुंबईच्या परिसरातच आदळले होते. तेव्हा प्रश्न वादळ होण्या-न होण्याचा नाही. फासा टाकला की कधी ना कधी सहा पडतोच. हवामान बदलाने या फाशाच्या आणखी एका बाजूवर सहा ठिपके कोरले, असे समजावे. एखादा विशिष्ट सहा कोणत्या बाजूमुळे पडला हे सांगता येत नाही, पण खेळ बदलला हे निश्चित सांगता येते. शिवाय सर्वच वर्षे सारखी नसतात. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा नेहमीहून अधिक तापलेली होती. हे आवर्तन नैसर्गिक आहे. नैसर्गिक आवर्तन आणि मानवाने चढवलेले तापमान एका दिशेने आले की असे वर्ष उगवते.

मे २०२१ : वडराईचा किनारा

तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी आपल्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे सरकले आणि त्या रात्री गुजरातेत दीव-उना भागात जमिनीवर आले. ते आपल्यावर थेट आदळले नाही, बाजूने गेले, हे लक्षात ठेवावे. तरीही १८ मे रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे २३० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मे महिन्यात असा पाऊस त्यापूर्वी तेथे नोंदलेला नव्हता. आपल्या भागात घरांचे पत्रे उडाले, झाडे आणि विजेचे खांब कोसळले, डहाणू-घोलवडच्या बागांतील चिकू जमिनीवर आला.

त्या दिवशी समुद्रात दोन गोष्टी घडल्या. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांच्या निवासाची ‘पी-३०५’ ही बार्ज नांगर तुटून भरकटली व बुडाली. तिच्यावर २६१ जण होते, त्यांपैकी सत्तरहून अधिक जणांचा अंत झाला. दुसरी बार्ज, ‘गाल कन्स्ट्रक्टर’, भरकटत आपल्या पालघर तालुक्यातील वडराईच्या खडकाळ किनाऱ्याजवळ येऊन रुतली. तिच्यावरील १३७ जणांना तटरक्षक दल आणि नौदलाने हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सोडवले.

वादळ एकच असताना एके ठिकाणी सर्व वाचले आणि दुसऱ्या ठिकाणी इतके गेले, याचे उत्तर हवामानशास्त्रात नाही. हवामान विभागाने वादळाची सूचना काही दिवस आधी दिलेली होती. बहुसंख्य मच्छीमार होड्या बंदरात परतल्या. ‘पी-३०५’ परतली नव्हती. तापलेल्या समुद्राने वादळ मोठे केले हा एक प्रत्यय झाला. इशारा मिळूनही माणसे समुद्रात राहिली हा दुसरा. आणि बार्जवरील कामगाराला ‘मी परत जातो’ असे म्हणण्याची मुभा नव्हती, हा आमच्या मते तिसरा. यांतील पहिला प्रत्यय आपल्या हातात थोडासाच आहे, उरलेले दोन पूर्णपणे माणसांच्या हातात आहेत.

इशाऱ्यांविषयी आणखी थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण समाजात त्याबद्दल फार गैरसमज आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून पालघरच्या किनाऱ्यावरील कच्च्या घरांतील लोकांना हलवण्यात आले. प्रत्यक्षात वादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळले. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘महा’ या वादळासाठी आपल्याकडे अशीच तयारी झाली आणि ते गुजरातच्या किनाऱ्याजवळ पोहोचता पोहोचता विरून गेले. ‘दोनदा उगाच पळवले’ असे शब्द आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत. वादळाच्या वाटेचा नकाशा पाहिला की त्यावर पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा दिसतो. केंद्र या पट्ट्यात कोठूनही जाऊ शकते, असा त्याचा अर्थ असतो. पट्ट्यात असूनही वादळ आले नाही, म्हणजे अंदाज चुकला असे नव्हे. श्रीवर्धनच्या लोकांना विचारले तर ते सांगतील की पट्टा खराच होता.

पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांचेही तसेच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग केवळ पावसाच्या मिलिमीटरवर ठरत नाही, त्यातून होऊ शकणाऱ्या नुकसानीचाही त्यात विचार असतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ किंवा त्याहून अधिक म्हणजे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस, अशी हवामान विभागाची व्याख्या आहे. वसतिगृहाचे छप्पर ५०० चौरस मीटरचे धरले, तर २०० मिलिमीटर पावसात त्या एका छपरावर १ लाख लिटर पाणी पडते. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्याला सहज करता येते, आणि एकदा केले की लाल रंगाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अति पाणी आणि पाण्याची वणवण

पावसाच्या बाबतीत एक बाब प्रथमदर्शनी गोंधळात टाकते. एकूण पाऊस फारसा न वाढताही पूर वाढू शकतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारतीय पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. उत्तर अरबी समुद्र तापल्यामुळे मान्सूनच्या वाऱ्यांत मोठे चढउतार होतात, बाष्प एकदम लोटले जाते आणि दोन-तीन दिवसांत ओतले जाते. मधले दिवस कोरडे जातात. आवणातील रोपे एका आठवड्यात करपतात आणि पुढच्या आठवड्यात वाहून जातात, ही तक्रार म्हणजे याच अभ्यासाची ग्रामीण भाषा आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा-विरार परिसर दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. रेल्वे थांबली, वीज गेली, वसईच्या मिठागरांत कामगार कुटुंबे अडकली. पाऊस मोठा होता यात शंका नाही. पण पाणी उतरत का नव्हते? या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीला समुद्र पाच मीटरच्या आसपास चढतो, त्या काही तासांत खाडीतून पाणी बाहेर जाऊच शकत नाही. ते थोपवून धरायला पूर्वी पाणथळ जागा, खाजणे, तिवरांची जंगले आणि मिठागरे होती. त्यांवर भराव पडला तेथे पाण्याची विश्रांतीची जागा गेली. जगभरातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आणि ती अलीकडे अधिक वेगाने वाढत आहे. म्हणजे भरतीचा दरवाजा यापुढे थोडा अधिक वेळ बंद राहणार. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे अवशेष जेथे सापडले, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी जेथील स्तूप उकरून काढला, ते बंदर. आज तेथे बंदर उरलेले नाही, खाडी गाळाने भरली. किनारा स्थिर नसतो हे समजण्यासाठी आपल्या वारशाचे हे स्थळ पुरेसे आहे.

याच जिल्ह्याच्या पूर्वेला, जव्हार-मोखाड्यात, पावसाळ्यात डोंगर धुऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपासून बाया हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर रांग लावतात. या डोंगरांतील वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, सूर्येचे वसई-विरारकडे जाते. पाणी नाही असे नाही, ज्यांच्या अंगणात ते पडते त्यांच्यासाठी ते अडवलेले नाही.

या ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या एका कार्याची आठवण देणे अगत्याचे आहे, कारण जयंतीच्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख फार कमी होतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांच्या खोऱ्यांचा एकात्मिक विचार त्यांच्या काळात सुरू झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओडिशातील पुरांविषयी झालेल्या परिषदेत त्यांनी, पाणी जास्त होणे हेच संकट आहे या समजुतीला हरकत घेतली. माणसाला पाण्याच्या अधिकतेपेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, म्हणून पूर नुसता बांध घालून समुद्रात हाकलून देण्याऐवजी पाणी साठवले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. हवामान बदल हा शब्द तेव्हा कोणाच्या बोलण्यात नव्हता. परंतु दोन-तीन दिवसांत कोसळणारा पाऊस आणि नंतरचे कोरडे महिने या दोहोंना एकाच उपायात पाहणारी ही दृष्टी आज मोखाड्यासाठी तंतोतंत लागू पडते. मोठ्या धरणांनी विस्थापितांचे जे प्रश्न निर्माण केले ते वेगळे, त्यांवर डोळेझाक करता येत नाही. साठवणे म्हणजे धरणच असे नव्हे. वाडीच्या वरच्या अंगाला लहान बंधारे, शेततळी, शाळेच्या छपराखालची टाकी हीदेखील साठवणच आहे.

जे हवामानाचे नाही

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे लहान-लहान असंख्य धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या दिवशी घाबरून पळताना पडून एका चिमुरडीचा मृत्यू झाला. लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत, उघड्यावर काढल्या. पालकसभेत आम्हाला अनेकदा विचारले जाते की हाही हवामान बदलाचाच परिणाम का? तसे नाही. भूकंप हा जमिनीखालच्या खडकांतील ताणाचा परिणाम आहे. खडकांच्या भेगांतून मुरणाऱ्या पाण्याचा या धक्क्यांशी संबंध असावा, असे मत काही शास्त्रज्ञांनी मांडले आहे. पण मुरणारे पाणी आणि तापणारे वातावरण या दोन वेगळ्या बाबी आहेत. सर्व आपत्ती एका नावाखाली ढकलल्या की कोणाचीच जबाबदारी ठरत नाही. नगर बुडाले की हवामान बदल, भिंत पडली की हवामान बदल, अशी पळवाट सापडते.

मात्र दोन आपत्तींचा उपाय कधी कधी एकच असतो. कुडाच्या भिंतीला धक्क्याचे भय कमी, पण वाऱ्याचे अधिक. नुसत्या विटा रचून उभ्या केलेल्या भिंतीला दोन्हींचे भय. कोपऱ्यांत आणि छपराखाली काँक्रीटचा पट्टा बांधलेले, पत्रे घट्ट आवळलेले लहान घर भूकंप आणि वादळ या दोहोंत टिकण्याची शक्यता अधिक. घरकुल मंजूर झालेल्या पालकांनी बांधकामाच्या वेळी गवंड्याकडे एवढे तरी आग्रहाने मागावे.

बोईसर-तारापूरचा विचार येथेच करावा लागेल. अणुऊर्जा केंद्रामुळे १९६९ पासून या किनाऱ्याचे नाव देशभर गेले. औद्योगिक वसाहतीमुळे हजारो घरांत चूल पेटली, आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकीही कित्येक तेथे नोकरीस आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील औद्योगिक क्षेत्रांत प्रदूषणाचा सर्वाधिक निर्देशांक तारापूरचा होता. अतिवृष्टीत जेथे पाणी तुंबते तेथे नाल्यातील रसायनेही त्या पाण्याबरोबर पसरतात. वादळात वीज गेली की थंड ठेवावी लागणारी रासायनिक प्रक्रिया धोक्यात येते. असा धोका पूर्णपणे नैसर्गिक नसतो आणि पूर्णपणे औद्योगिकही नसतो. पाळीवर असलेल्या कामगाराने लाल इशाऱ्याच्या दिवशी काय करायचे, हे कारखान्याच्या फलकावर मराठी आणि हिंदीत लिहिलेले असणे ही फार मोठी मागणी नव्हे.

उष्म्याबद्दल थोडक्यात लिहितो. समुद्रकिनारी पारा विदर्भाइतका चढत नाही, म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यानंतर चौदा जणांचे प्राण गेले, तेव्हाही तापमानाचा आकडा फार भयंकर नव्हता. आपल्याकडे एप्रिलात जयंतीच्या मिरवणुका आणि सभा असतात. त्या सायंकाळी घ्याव्यात, आणि मंडपात सजावटीपेक्षा पिण्याच्या पाण्याची सोय आधी करावी, असे आम्ही सुचवतो.

वसतिगृहाची किल्ली

आता शाळेविषयी. आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुले डोंगरातल्या पाड्यांवरून, किनाऱ्यावरच्या वाड्यांतून आणि औद्योगिक वसाहतीच्या कडेच्या चाळींतून येतात. जून ते ऑक्टोबर त्यांच्या डोक्यावर पक्के छप्पर असते. मे महिन्यात आणि दिवाळीत ती घरी जातात. काही कुडाच्या घरात जातात, तर काही थेट आईवडिलांच्या वीटभट्टीवर. म्हणजे चक्रीवादळांच्या दोन्ही हंगामांत परिसरातील एक भक्कम इमारत कुलूपबंद असते आणि तिच्यात राहणारी मुले पत्र्याखाली किंवा प्लास्टिकखाली असतात. यात कोणाचा दोष नाही. हे वेळापत्रक जुन्या पावसासाठी आखलेले आहे.

शिक्षकांच्या चर्चेतून पुढे आलेला प्रस्ताव असा आहे. सुट्टीच्या काळातही वसतिगृहाचे एक दालन, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह उघडता येईल अशी व्यवस्था असावी. किल्ली शाळेपासून चालत येता येईल अशा अंतरावर राहणाऱ्या दोन व्यक्तींकडे असावी, आणि त्यांची नावे ग्रामपंचायतीत व तलाठी कार्यालयात लिहून दिलेली असावीत. नारिंगी इशारा येताच दालन झाडून घ्यायचे, लाल इशाऱ्याला उघडायचे. आसपासच्या वस्तीतील कोणीही, मग ते आपल्या समाजाचे असोत वा नसोत, तेथे येऊ शकेल. विहाराचे दार जसे कोणाला अडवत नाही तसेच हे. वादळ आले नाही तर एक रात्र वाया गेली असे समजायचे नाही. श्रीवर्धनचा पट्टा आठवायचा.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती पैशाची नाही, किंवा केवळ पैशाची नाही. जे वीजतंत्री आहेत त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा येऊन छपरावरील तारा आणि तडितरक्षकाची जोडणी पाहावी. जे गवंडी, सुतार आहेत त्यांनी पत्र्यांचे हूक आणि खिडक्यांच्या कड्या तपासाव्यात. जे कारखान्यांत सुरक्षा विभागात आहेत त्यांनी मुलांना एक दिवस शिकवावे. पुण्याच्या त्याच संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे मोबाईल ॲप वीज कोठे पडत आहे याची सूचना देते. ते पालकांच्या मोबाईलवर घालून द्यायला मोठ्या मुलांना पाच मिनिटे लागतात.

शेवटची एक गोष्ट सोपी आहे आणि तिला खर्च नाही. सरळ भिंतीची, तोंडापासून तळापर्यंत एकाच रुंदीची बरणी उघड्या जागेत, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, घट्ट बसवून ठेवावी. हवामान विभाग दररोज सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजतो. त्याच वेळी आपणही बरणीतील पाण्याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी. बरणीत जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, रकाना रिकामा ठेवू नये. मुले सुट्टीत घरी जाताना प्रत्येक तालुक्यातील निदान एकाने अशी बरणी आणि वही बरोबर न्यावी, आणि आश्विन पौर्णिमेनंतरही लिहिणे थांबवू नये. जव्हारची, सातपाटीची, तलासरीची, बोईसरची आणि शाळेची वही शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम डिसेंबरात नववीच्या वर्गाकडे राहील.